नासाची ‘सेंट्री’: लघुग्रहांच्या धोक्याचा तक्ता, आणि तो नेमका कुठे फसवतो

‘अमुक तारखेला पृथ्वीचा विनाश’ अशी बातमी आली, की तिच्या मुळाशी बहुतेक वेळा सेंट्रीचा तक्ता असतो. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा हिशेब ठेवणारं केंद्र तो चालवतं. सेवा २००२ पासून सुरू आहे; २०२१ मध्ये गणिताची पद्धत बदलून नवी आवृत्ती आली. पैसे नाहीत, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. गणिताला पाचपैकी पाच. मांडणीला अडीच, तेही हात सैल सोडून.

पहिला घोळ क्रम लावताना होतो. टक्करीच्या शक्यतेचा रकाना उतरत्या क्रमाने लावलात तर अगदी वर २०१० आरएफ१२ हा लघुग्रह दिसतो: ५ सप्टेंबर २०९५, शक्यता सुमारे १० टक्के. छातीत धस्स व्हायला एवढं पुरे. पण त्याच ओळीतला व्यास बघा, जेमतेम ७ मीटर. असा दगड वातावरणातच फुटून जातो. म्हणून क्रम कायम पालेर्मो या धोक्याच्या मापाच्या रकान्याने लावा.

पालेर्मोचा आकडा सांगतो तो असा: या एका दगडाचा धोका, त्या तारखेपर्यंत तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या इतर दगडांपासून एरवीही असलेल्या धोक्याच्या किती पट आहे. उत्तर लॉगमध्ये, म्हणजे दहाच्या घातांकात असतं. ० म्हणजे बरोबरीचा, उणे २ म्हणजे शंभरावा हिस्सा. एरवीचा वार्षिक धोका काढायला टक्करीच्या ऊर्जेचा (मेगाटन, म्हणजे दहा लाख टन टीएनटीच्या स्फोटाच्या मापात) उणे ०.८ घात घ्यायचा आणि ०.०३ ने गुणायचं. २०२४ वायआर४ या लघुग्रहावर ताडून पाहा. ऊर्जा ८ मेगाटन धरली तर वार्षिक धोका सुमारे ०.००५७, टक्करीला ७.८ वर्षं बाकी, म्हणून गुणाकार ०.०४४. शक्यता होती ०.०३१. भागाकार ०.७, लॉग उणे ०.१५. १८ फेब्रुवारी २०२५ ला तक्त्यात उणे ०.१८ होतं. म्हणजे वाहिन्यांवर हलकल्लोळ चालू असताना हा धोका एरवीच्या पार्श्वभूमीएवढाही नव्हता!

टोरिनो या दुसऱ्या मापाचा ० ते १० आकडा सर्वसामान्यांसाठी आहे आणि त्यात आकारालाही वजन असतं. वायआर४ ३.१ टक्क्यांवर जाऊनही ३ वरच थांबला, तर अपोफिस हा लघुग्रह डिसेंबर २००४ मध्ये २.७ टक्क्यांना ४ वर पोचला होता, कारण तो तीनशे मीटरहून मोठा आहे. ४ हा आजवरचा उच्चांक.

वायआर४ चा प्रवास सेंट्री समजून घ्यायला उत्तम. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला तो सापडला. जानेवारीअखेर शक्यता १ टक्क्याच्या वर गेली, १८ फेब्रुवारीला ३.१ झाली, २० तारखेला ०.२८ आणि २४ ला ०.००४. आधी चढली म्हणजे आधीचं गणित चुकलं होतं, असं नाही. २२ डिसेंबर २०३२ ला दगड नेमका कुठे असेल याचा पट्टा सुरुवातीला फार लांब असतो. निरीक्षणं वाढतात तसा तो आखडतो. पृथ्वीची रुंदी तेवढीच राहते, त्यामुळे ती पट्ट्यात असेपर्यंत टक्केवारी चढतच जाते आणि पट्ट्याबाहेर पडली की धाडकन कोसळते. मधल्या काळात माघी पौर्णिमेच्या चंद्रप्रकाशाने निरीक्षणांत खंड पडला आणि आकडा दोन टक्क्यांच्या वर लटकत राहिला. संभाव्य टप्पा पूर्व पॅसिफिकपासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत होता, त्यामुळे आपल्याकडे मुंबईच्या नावाने मथळे निघाले.

दगडाच्या नावावर क्लिक केलं की उघडणारं पान खरं कामाचं. तिथे आधी निरीक्षणं किती आणि किती दिवसांची हे वाचा. चार-सहा दिवसांच्या निरीक्षणांवरचा आकडा मनाला लावून घेऊ नका. तारीख दशांशात असते: २२.५९ म्हणजे जागतिक वेळेनुसार २२ तारखेचे १४ तास १० मिनिटं, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७.४० च्या सुमारास. व्यास बहुधा तेजस्वितेवरून काढलेला अंदाज असतो. दगड काळपट की उजळ हे माहीत नसल्याने वायआर४ साठी ४० ते ९० मीटर असा पल्ला होता. व्यास सव्वादोनपट म्हणजे वस्तुमान अकरापट! पुढे वेब या अंतराळ दुर्बिणीने तो सुमारे ६० मीटरवर आणला.

आता ‘पृथ्वीचा नाश’. या तक्त्यात त्या लायकीचं काहीच नाही. बेन्नू हा लघुग्रह साधारण ४९० मीटरचा. २४ सप्टेंबर २१८२ ला टक्करीची शक्यता २,७०० त एक. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला आदळलेला सुमारे १० किलोमीटरचा होता. डायनोसॉर गेले, पृथ्वी राहिली.

खरी उणीव वेगळीच आहे: न सापडलेला दगड सेंट्रीत नसतो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने आला, आधी कुणालाच दिसला नाही आणि मुख्यतः फुटलेल्या काचांनी सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. १४० मीटरहून मोठ्यांपैकीही निम्म्याहून कमी सापडलेत. सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) किंवा गॅमा किरणांचे स्फोट इथे शोधू नका, ते या सेवेचं कामच नाही.

मोठी तक्रार म्हणजे कालचा आकडा आज दिसत नाही, चढउताराचा आलेख नाही. यादीतून काढलेल्यांचं वेगळं पान आहे, पण तिथे नाव आणि काढल्याची तारीख एवढंच. का काढलं याची एक ओळ नाही. दुसरं मत हवं असेल तर युरोपीय अंतराळ संस्थेची यादी उघडी ठेवा. त्यांचं गणित स्वतंत्र आहे. वायआर४ चा त्यांचा उच्चांक २.८ टक्के होता. दोघांत एवढा फरक चालतो, दहापट दिसला तर मात्र थांबून तारखा तपासा, बहुधा एकीकडे नवी निरीक्षणं अजून चढलेली नसतात.

आणि अपोफिसची ओळ इथे शोधत बसू नका. मार्च २०२१ मध्ये रडारच्या मापांनंतर तो यादीतून निघाला. १३ एप्रिल २०२९ ला तो पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, ती नोंद त्याच संकेतस्थळाच्या जवळून जाणाऱ्यांच्या तक्त्यात मिळते.