महाद्वार रोडच्या बोळातलं पूजा साहित्याचं दुकान : कवड्या आणि पितळ घ्यायचं तर इथंच

आंबाबाईला ओटी न्यायची म्हणून खण, नारळ, हळकुंड मी नेहमी याच दुकानातनं घेते, पण रिव्ह्यू लिहायचं मनात आलं ते परवाच्या एका खरेदीमुळं. आमच्या वरच्या खोलीत विद्यापीठात शिकणारा एक नायजेरियन मुलगा भाड्यानं राहतो, तिकडच्या योरुबा समाजातला आहे. घरचे चर्चला जातात पण आज्जी अजून ओशुनचं करते. ओशुन म्हणजे नदीची देवी, गोड्या पाण्याची, लेकरं देणारी, तिला पितळ आणि मध लई प्रिय. ओशोग्बो गावाला नदीकाठी तिची मोठी देवराई आहे, २००५ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, आणि ऑगस्टच्या जत्रेत बिनलग्नाची एक मुलगी नैवेद्याचा भोपळा डोक्यावर घेऊन नदीला जाते. हे ऐकताना मला तर डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेली यल्लम्माची जोगतीणच दिसायला लागली.

आज्जी आजारी आहे, पोराला तिकडं जाता येत नाही, म्हणून त्याला खोलीतच देवीपुढं पाणी, मध आणि कवड्या ठेवायच्या होत्या. आधी दुसऱ्या एका दुकानात गेलो, नाव घेत नाही. कवड्या कशाला हे विचारलं आणि उत्तर ऐकून तिथला माणूस "काळी जादू हाय व्हय?" म्हणून हसला. पोरगं गप्पच झालं. बाहेर आल्यावर म्हणाला, आमच्याकडं पण लोक असंच बोलतात. एशू म्हणून त्यांचा देव आहे, वाटा राखणारा, कुठल्याही नैवेद्यातला पहिला वाटा त्याचा, चौकात त्याचा दगड असतो त्याच्यावर पाम तेल ओततात, म्हणजे बघा आपला वेशीवरचा शेंदूर लावलेला म्हसोबाच की. आणि बायबलचं योरुबात भाषांतर केलं तेव्हा सैतानाला याच देवाचं नाव दिलं. आपल्या म्हसोबाला कुणी सैतान म्हटलं तर कसं वाटंल? मला तर ऐकूनच राग आला.

मग या दुकानात आलो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय, तर "बाळा, तुज्या देवीला काय चालत न्हाई ते आदी सांग." पोराचा चेहराच खुलला. मग तो सांगायला लागला, आज्जीच्या घरात ओबाताला म्हणून देव पण आहे, त्याला सगळं पांढरं लागतं, नैवेद्यात मीठ नाही, पाम तेल नाही. काकूंनी ताटातली कुंकवाची पुडी उचलून बाजूला ठेवली, "पांढरं म्हंजे हे नको" म्हणाल्या आणि पांढरं कापड काढलं.

कवड्यांचं तर सांगायलाच पाहिजे. त्यांच्याकडं दोन तऱ्हेच्या मिळतात, अख्ख्या आणि माळेसाठी पाठ फोडलेल्या. काकू एकेक कवडी काउंटरवर टाकून बघत होत्या, टिचलेली बाजूला. ते बघून तो म्हणाला आमच्याकडं १६ कवड्या टाकून देवाला विचारतात, पाठ कापलेल्याच लागतात, म्हणजे उताणी पडली का पालथी हे बघता येतं. काकू लगेच, "म्हंजे कौल की!" एकदम बरोबर. पण ते काम दीक्षा घेतलेल्यानंच करायचं म्हणून त्यानं अख्ख्या घेतल्या. आणि या कवड्या शेकडो वर्षं मालदीवच्या समुद्रातनं जहाजांनी तिकडं जायच्या, पैसा म्हणून चालायच्या. आपल्या आणि त्यांच्या देवाच्या गळ्यात एकाच समुद्राची कवडी, मला तर हे फार मोठं वाटलं.

कोला नट, म्हणजे तिकडं देवाला लागणारं एक बी, अर्थातच मिळालं नाही. त्याच्या चार पाकळ्या टाकून पण ते कौल लावतात, दोन उताण्या दोन पालथ्या पडल्या की होकार. गुलाम करून क्युबाला नेलेल्या लोकांनी तिथं नारळाचे चार तुकडे वापरायला सुरुवात केली, असं तो म्हणाला तसा काकूंनी एक चांगला पाण्याचा नारळ हलवून बघून त्याच्या हातात दिला, पैसे घेतले नाहीत.

पितळी वाटी वजनावर देतात, काटा समोरच असतो, जड आणि चांगली आहे. मध मात्र इथला घेऊ नका, बारक्या बाटलीतला पातळ असतोय, आम्ही दुसरीकडनं आणला. ऑनलाईन पेमेंट चालतं. मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा काकूंना बोलायला पण वेळ मिळत नाही, त्यामुळं निवांत विचारून घ्यायचं असेल तर बुधवारी सकाळी जावा. गाडी बिंदू चौकात लावून चालत या, बोळात शिरत नाही. पाटीवरचं नाव पुसलंय, दारात कवड्यांच्या माळा टांगलेल्या दिसल्या की तेच.