‘पीपल लाइक अस’ की ‘द ऑफिस’?

बीबीसी टूवर 1999 ते 2001 या काळात आलेली ‘पीपल लाइक अस’ आणि 2001 मध्ये सुरू झालेली ‘द ऑफिस’ या दोन्ही अल्पायुषी मालिका माहितीपटाचा आव आणतात; पण पहिलीत हसे होते ते मुलाखतकाराचेच. हा मुलाखतकार, रॉय मॅलर्ड, पडद्यावर जवळजवळ दिसत नाही, तरी आपण विवाहित असल्याचे त्याने सांगताच समोरच्याला वाटणारे आश्चर्य पुरेसे बोलके असते. ‘द ऑफिस’मध्ये इंग्लंडमधल्या स्लाउ शहरातील कागद कंपनीचा व्यवस्थापक डेव्हिड ब्रेंट कॅमेऱ्यापुढे मिरवता मिरवता स्वतःच उघडा पडतो. सहकारी डॉन हिच्याशी बोलण्यापूर्वी तिथलाच कर्मचारी टिम अंगावरचा माइक काढतो आणि प्रेक्षकाला काहीच ऐकू येत नाही, ही करामत पहिलीत सापडणार नाही. निव्वळ शब्दांच्या कसरतीसाठी मात्र मी जॉन मॉर्टनलिखित ‘पीपल लाइक अस’च निवडेन.