तुर्की पॅटर्न आणि फोनवरचं भाषांतर: विणणारीच्या नजरेतून

क्रोशाच्या बाहुल्या करणाऱ्या प्रत्येकीच्या फोनमध्ये आज एक तरी तुर्की पॅटर्न, म्हणजे विणायची लिखित कृती, सेव्ह केलेला असतो. तुर्कस्तानात अमिगुरुमी, म्हणजे अशा भरीव बाहुल्या, करणाऱ्या बायका खूप, त्यांचं काम विलक्षण नेटकं, आणि कितीतरी जणी पॅटर्न फक्त तुर्कीतच लिहितात. मग आपण काय करतो? भाषांतराचं ॲप उघडतो, पानावर कॅमेरा धरतो आणि जे इंग्रजी दिसेल त्यावर विसंबून सुई हातात घेतो. माझ्या क्लासमधल्या मुली विचारतात, "ताई, हे चालतं का?" त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. अशी फुकटात मिळणारी दोन-तीन ॲप्स मी वापरली आहेत. सगळ्यांची तऱ्हा जवळपास सारखी असल्याने नावं घेत नाही.

वाक्यांसाठी ॲप चांगलं आहे, टाक्यांच्या नावांसाठी अजिबात नाही. आणि पॅटर्न तर टाक्यांच्या नावांवरच चालतो.

क्रोशापासून सुरुवात करू. तुर्कीत मुक्या खांबाला, म्हणजे क्रोशाच्या बुटक्या टाक्याला, 'सिक इयने' म्हणतात. इयने म्हणजे सुई, सिक म्हणजे दाट, घट्ट. पण त्याच शब्दाचा अर्थ 'वारंवार' असाही होतो, आणि ॲप बहुतेक वेळा तोच उचलतं. स्क्रीनवर येतं 'वारंवार सुई'. त्याहून उंच टाका म्हणजे खांब, त्याला तुर्कीत 'त्राब्झान', म्हणजे जिन्याचा कठडा, आणि ॲप तो कठडाच आणून ठेवतं. अर्ध्या खांबाचा होतो अर्धा कठडा. नवशिकी मुलगी इथेच पॅटर्न बंद करते, आणि तिचा काही दोष नाही.

त्याहून वाईट म्हणजे ॲपने बरोबर शब्द दिला तरी गोंधळ मिटत नाही. इंग्रजीत क्रोशाच्या टाक्यांच्या नावांच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश डबल म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. ॲपने 'डबल' लिहिलं तर तो कुठला डबल, हे ते सांगत नाही. मूळ तुर्कीत हा प्रश्नच नव्हता. सिक इयने म्हणजे सिक इयने. गोंधळ इंग्रजीतून जाताना घुसतो.

म्हणून मी इंग्रजीला मधे घेणं सोडलं, आणि ज्या कुणी तुर्की पॅटर्न करतात त्यांना मनापासून सांगते, तुम्हीही सोडा. आपल्या आज्यांनी आणि शिवणक्लासच्या बाईंनी शिकवलेली मराठी नावं तुर्की नावांशी थेट जुळतात. झिंजिर म्हणजे साखळी. आपल्याकडच्या 'जंजीर'शी त्याचं नातं ऐकताक्षणी कळतं. सिक इयने मुका खांब, यारिम त्राब्झान अर्धा खांब, त्राब्झान खांब, आणि चिफ्त त्राब्झान म्हणजे सुईवर दोनदा दोरा घेऊन केलेला उंच खांब. त्यांनी कठडा पाहिला, आपण खांब पाहिला, पण उंचीची चढण तीच.

दोन सुयांच्या विणकामात हे आणखी सरळ आहे. द्यूझ म्हणजे सुलट, तेर्स म्हणजे उलट. स्वेटरच्या काठाला तुर्की बाई 'बिर द्यूझ बिर तेर्स' म्हणते आणि आपण 'एक सुलट एक उलट' म्हणतो, शब्दाला शब्द. इंग्रजीवाले ज्याला केबल म्हणतात त्याला तुर्कीत 'साच ओर्ग्यूस्यू', म्हणजे केसांची वेणी. आपणही वेणीच म्हणतो. इथे ॲपने मराठीत 'केसांची वेणी' असं दिलं तर ते चक्क बरोबर आहे; इंग्रजी निवडलंत तर कुणाच्या तरी हेअरस्टाइलची माहिती वाचतोय असं वाटेल.

बाकी ठिकाणी मात्र दोन अर्थांचे शब्द ॲपला हटकून फसवतात. पिरिंच म्हणजे तांदूळ आणि पितळसुद्धा. विणकामात ती दाणेदार वीण, एक सुलट एक उलट घेऊन पुढच्या ओळीत जागा बदलायची. लास्तिक म्हणजे रबर, गाडीचा टायर, आणि स्वेटरचा ताणला जाणारा काठ. शिश म्हणजे विणायची सुई, आणि कबाब भाजायची सळईही. चिले म्हणजे लोकरीची लड, पण यातना असाही अर्थ आहे. यूझ म्हणजे चेहरा, शंभर आणि कापडाची सुलटी बाजू. हा शेवटचा शब्द विशेष जपून वाचा, कारण आकड्यांच्या शेजारी 'शंभर' आलं की माणूस खरोखर टाके मोजायला लागतो.

शिवणकामात तर ॲपची फारच दाणादाण उडते. आपण ज्याला पेपर कटिंग म्हणतो ते तुर्कीत 'पात्रोन'. ॲपला तो मालक वाटतो, कारण तोही अर्थ आहेच. काज म्हणजे 'इलिक', आणि ॲप हाडातल्या मगजाबद्दल बोलायला लागतं. याका म्हणजे कॉलर, पण इस्तंबूलचा युरोपकडचा आणि आशियाकडचा किनाराही याकाच. कोल म्हणजे बाही आणि हातही. फ्रेंचमधून आलेले पात्रोन, पेन्स (आपला टक्स), बिये (तिरप्या पट्टीची गोठ), फेर्मुआर (चेन) हे एकदा पाठ केले की फ्रॉकची कृती निम्मी समजते. तेयेल म्हणजे कच्चा धावदोरा, यूक्स्यूक म्हणजे अंगुस्तान. आणि 'आस्तार' पाहून मला फार आनंद झाला होता. अस्तर! फारसीतून दोन्हीकडे गेलेला तोच शब्द.

टाइप करून शोधणार असाल तर एक सूचना गंभीरपणे घ्या. १९२८पासून तुर्की रोमन लिपीत लिहितात, पण त्यांच्याकडे आय दोन आहेत, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. सिक इयने मधला पहिला आय बिनटिंबाचा आहे. साध्या इंग्रजी कीबोर्डवरून टिंबाचा टाकलात तर तो शब्द अत्यंत अश्लील होतो. एखाद्या डिझायनर बाईंना मेसेज करून शंका विचारत असाल तर फोनमध्ये तुर्की कीबोर्ड घालून घ्या. आणि जी वर छोटी वाटी काढलेलं जे अक्षर दिसतं तो मृदू जी, त्याचा ग म्हणून उच्चार करू नका.

अमिगुरुमीच्या पॅटर्नमध्ये मात्र एक दिलासा आहे. तिथे पूर्ण शब्द फारसे नसतात, खुणा असतात. एक्स म्हणजे मुका खांब, व्ही म्हणजे एका घरात दोन (आर्तिर्मा, वाढ), ए म्हणजे दोनाचा एक (आझाल्त्मा, घट). पहिल्या फेरीत सिहिर्ली हाल्का, म्हणजे जादुई रिंग (दोरा ओढून आवळायचं कडं), तिच्यात ६ एक्स. दुसरी फेरी ६ व्ही, झाले १२. तिसरीत एक एक्स एक व्ही, असं सहा वेळा, १८. चौथीत दोन एक्स एक व्ही, सहा वेळा, २४. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात एकूण टाके लिहिलेले असतात आणि तो आकडा कुठलंच ॲप बिघडवत नाही. भाषांतर काहीही म्हणो, तुमचे टाके कंसातल्या आकड्याशी जुळले पाहिजेत. फक्त इंग्रजी भाषांतरातली ए ही खूण नीट बघा, ती वाक्यातल्या नेहमीच्या ए सारखी दिसते आणि डोळा ती ओलांडून जातो.

ओयाचं काय, असं विचारणाऱ्या थोड्या असतील, पण त्यांच्यासाठी लिहायलाच हवं. डोक्यावरच्या रुमालाच्या काठाला तुर्की बायका जी नाजूक फुलं करतात ती ओया. साध्या शिवायच्या सुईने केली तर इयने ओयासी, क्रोशाच्या सुईने, शटलने (छोट्या धोट्याने), मण्यांनी केली तर तिची नावं वेगळी. अंकारा प्रांतातलं नाल्लिहान रेशमी इयने ओयासाठी प्रसिद्ध आहे. लाल मिरच्यांची ओया बांधून सून नवऱ्याशी बिनसल्याचं न बोलता कळवायची, असं तिकडे सांगतात. ॲप या सगळ्याला सरसकट 'लेस' म्हणून मोकळं होतं. लेससाठी तुर्कीत 'दान्तेल' हा वेगळा शब्द असताना! ओयाच्या कृतीत पहिल्या ओळीला 'कोक', म्हणजे मूळ, म्हणतात. ॲप तिथे झाडाचं मूळ सांगतं आणि पुढे काहीच लागत नाही. ओया शिकायची असेल तर लिखित कृती बाजूला ठेवा, व्हिडिओ आवाज बंद करून बघा. बोटं सगळं सांगतात.

मग ॲप ठेवायचं की काढायचं? ठेवा. कापूस किती घट्ट भरायचा, हात कुठल्या दोन फेऱ्यांच्या मधे शिवायचा, दोन डोळ्यांच्या मधे किती टाके सोडायचे, ही सलग वाक्यं ते छान उलगडून देतं. लोकरीच्या गुंड्यावरच्या लेबलावर कॅमेरा धरला तर सुती किती, ॲक्रिलिक किती, सुईचा नंबर कुठला, हे लगेच कळतं. प्रवासात नेट नसेल म्हणून तुर्की भाषा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवली तर कॅमेरा तसाही चालतो. टाक्यांची नावं मात्र वर दिली आहेत तेवढी वहीच्या पहिल्या पानावर तुर्की आणि मराठी अशी समोरासमोर लिहून काढा. मी क्लासमध्ये हेच पान करून घेते, आणि इंग्रजीचा रकाना त्यात ठेवलेलाच नाही.

वाक्यांसाठी पाचात चार, लेबलांसाठी चार, क्रोशाच्या टाक्यांसाठी एक, शिवणकामासाठी एक, ओयासाठी शून्य.