खुरपे, फवारा की प्लास्टिक : सोसायटीच्या बागेतील चिवट तणांसाठी काय निवडावे?

ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांच्या बैठकांत पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न हमखास निघतो : लॉनमधील तण माळ्याकडून खुरपून घ्यावे की एकदाची फवारणी करून मोकळे व्हावे? घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या बागेचे काम मी काही वर्षे पाहत आहे आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न अर्धवट विचारला जातो. समोरचे तण कोणते आहे आणि त्याचा जीव जमिनीच्या वर आहे की खाली, हे ठरल्याशिवाय पद्धतींची तुलनाच करता येत नाही, कारण ज्या खुरपणीने गाजर गवत संपते त्याच खुरपणीने लव्हाळा वाढतो.

लव्हाळ्यापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण आपल्याकडील लॉनची सर्वांत मोठी डोकेदुखी तीच आहे. ओळखण्यासाठी त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवून पाहावा. तीन कडा हाताला लागल्या तर ते गवत नव्हे, लव्हाळा. लॉन कापल्यावर दोन-तीन दिवसांत बाकीच्या गवताच्या वर डोके काढणारी चकचकीत गडद पातीही त्याचीच असते. उटण्यातील नागरमोथ्याच्याच कुळातले हे तण असून त्याच्या काळसर, वासाच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ बाकीच्यांना झोपवून ठेवते. खुरप्याने माळ तुटली की झोपलेल्या गाठी स्वतंत्रपणे फुटतात. आमच्या सोसायटीत सलग दोन पावसाळे ठेकेदाराची माणसे दर पंधरवड्याला वरवरची पाती खुरपून नेत होती आणि तिसऱ्या वर्षी लव्हाळा आधीपेक्षा दाट झाला. त्या माणसांच्या कष्टांत कसूर नव्हती, चूक पद्धतीची होती आणि ती आम्ही समितीने निवडली होती, याची मला आजही खंत वाटते.

मग लव्हाळ्यासाठी काय करावे? फुलझाडांचा लहान वाफा असेल तर खणून, माती चाळून, गाठी वेचणे हा मार्ग कष्टाचा असला तरी मला सर्वांत खात्रीचा वाटतो. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर पसरल्या की त्या वाळून मरतात. हेच काम जुलैत केले तर गाठी ओल्या मातीत पुन्हा रुजतात. मात्र वाहनतळाच्या छतावरील पोडियम बागेत कुदळ चालवण्यापूर्वी मातीची खोली मोजून घ्यावी. तेथे माती अनेकदा हात-दीड हातच असते आणि खाली जलरोधक थर असतो. तो फुटला तर तणाचा प्रश्न मागे पडतो आणि खालच्या गाड्यांवर पाणी ठिबकू लागते.

लॉनमध्ये खणणे म्हणजे लॉन मोडणे, म्हणून तेथे फवारणीचा विचार रास्त ठरतो. पण ‘तणनाशक’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळी औषधे येतात. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांवर चालते आणि लव्हाळ्याचे त्याने फारसे बिघडत नाही. उलट त्याचा उडालेला तुषार शेजारच्या कुंडीतील टोमॅटो किंवा गुलाब वाकडा करून टाकतो. ग्लायफोसेट मुळापर्यंत उतरते, पण लॉन आणि लव्हाळा असा भेद करत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने त्याचा वापर केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत करण्याचे बंधन घातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले होते. त्या वर्गीकरणावर वाद असला तरी जेथे मुले अनवाणी खेळतात त्या हिरवळीवर मी त्याची शिफारस करणार नाही.

उरते हॅलोसल्फ्युरॉन-मिथाइल. आपल्याकडे ते मुख्यतः उसातील लव्हाळ्यासाठी विकले जाते, आणि बर्म्युडा जातीचे लॉन ते सोसते. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात आणि एका फवारणीत काम सहसा पूर्ण होत नाही. प्रमाणाकडे मात्र बारकाईने पाहावे. उसासाठी पंचाहत्तर टक्के पावडर एकरी ३६ ग्रॅम लागते, म्हणजे हजार चौरस फुटांना एक ग्रॅमदेखील नाही. माळ्याने अंदाजाने चमचाभर टाकली तर ते कित्येक पट होते. डब्यावरील लेबलात लॉनचा उल्लेख नसेल तर परवानाधारक व्यावसायिकाचे लेखी मत घेतल्याशिवाय समितीने पुढे जाऊ नये, असे मला वाटते.

पारदर्शक प्लास्टिकने जमीन झाकून तापवण्याचा, म्हणजे सौरीकरणाचा, पर्याय रिकाम्या वाफ्यासाठी चांगला आहे. माती भिजवून, प्लास्टिक घट्ट ताणून, कडा मातीत दाबून एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे ठेवले की वरच्या थरातील बी मोठ्या प्रमाणात मरते. खोलवरच्या गाठींपर्यंत मात्र ती उष्णता पुरेशी पोहोचत नाही. त्यामुळे बियांवर जगणाऱ्या तणांसाठी प्लास्टिक आणि गाठींवर जगणाऱ्यांसाठी चाळणी, अशी विभागणी मी करतो.

बियांवर जगणाऱ्यांत गाजर गवत पहिले. अमेरिका खंडातून आलेले हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदवले गेले. नवी मुंबईत मोकळ्या भूखंडांच्या कडेला ते सहज दिसते. गाजरासारखी चिरलेली पाने आणि पांढरी बारीक फुले ही त्याची खूण. एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्याच्या स्पर्शाने व परागांनी त्वचेचा व श्वासाचा त्रास होतो. येथे फवाऱ्यापेक्षा हातच श्रेष्ठ आहे. पावसाने माती मऊ असताना, फुले येण्यापूर्वी, हातमोजे व मास्क घालून मुळासकट उपटले की झाड संपते. कुंपणाबाहेरच्या पडीक पट्ट्यात टाकळा वाढू द्यावा, कारण तो दाट वाढून गाजर गवताला जागा देत नाही. श्रावणाच्या आसपास ठाण्याच्या बाजारात ज्याची कोवळी पाने भाजीला मिळतात तोच हा टाकळा.

वेडेलियाबद्दल मला अधिक कळकळीने सांगायचे आहे, कारण ते आपण पैसे देऊन आणतो. पिवळ्या डेझीसारखी फुले देणारी ही वेल रोपवाटिकेत जमीन झाकण्यासाठी म्हणून विकली जाते. तिच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, त्यामुळे यंत्राने कापली तर तुकड्यागणिक नवे रोप होते. ती हाताने गुंडाळत, मुळांसह ओढून काढावी आणि कचऱ्यात टाकण्यापूर्वी पूर्ण वाळवावी. येऊरच्या बाजूला, जंगलाला लागून राहणाऱ्यांनी तर ती लावूच नये. त्याच भागात कुंपणात घुसणारी घाणेरी वरून छाटण्याऐवजी जमिनीखाली मुळाच्या मानेशी तोडावी.

हरळीचे काय, असे विचारणाऱ्यांना मी आधी विचारतो की ती कोठे उगवली आहे. दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो ती हरळी आणि विकत घेतलेले साधे बर्म्युडा लॉन या एकाच वनस्पतीच्या जाती आहेत. लॉनमध्ये तिला राहू द्यावे आणि वाफ्यात शिरली तर लव्हाळ्याप्रमाणेच खणून काढावे.

या सगळ्यात स्वस्त उपाय मात्र तण येण्याआधीचा आहे. आमच्याकडचा बराच लव्हाळा बाहेरून मागवलेल्या लाल मातीतून आला होता. आता ट्रक मागवण्यापूर्वी आम्ही विक्रेत्याकडून घमेलेभर माती आणतो, पसरट ट्रेमध्ये ओली करून उन्हात ठेवतो आणि पंधरा दिवस थांबतो. त्यात तीन कडांची पाती उगवली तर ती माती घेत नाही.