पहिलं पेडल: तयार घ्यावं, किट जोडावं की सुटे भाग जमवावेत?

पैसे वाचवायचे म्हणून गिटारच्या इफेक्ट पेडलचं किट, म्हणजे घरी सोल्डर करून जोडायचा संच, घेत असाल तर आधीच सांगतो, पहिल्या पेडलला ते वाचत नाहीत. एका बाजूला बेरिंजरच्या टीओ ८०० सारखं प्लास्टिकच्या डब्यातलं तयार ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज किंचित फाटवणारं पेडल) ठेवा. दुसऱ्या बाजूला किट, त्याचं टपाल, परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क, आणि घरात नसतील तर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, कटर. बेरीज करा आणि बघा. किटची खरी बरोबरी महागड्या, धातूच्या डब्यातल्या पेडलशी आहे. तिथे ते स्वस्तही पडतं आणि आवाजातही मागे राहत नाही, कारण आतलं सर्किट बहुतेकदा तेच असतं.

तीन वाटा आहेत: तयार पेडल, छिद्रं पाडलेल्या डब्यासकट पूर्ण किट, आणि बाजारातून एकेक भाग आणून स्वतः जमवलेलं पेडल. तिन्ही एकाच मापाने मोजायच्या तर सर्किटही एकच धरायला हवं. ट्यूब स्क्रीमर, म्हणजे आयबानेझचं टीएस मालिकेतलं हिरवं ओव्हरड्राइव्ह, धरू. त्याची नक्कल करणारी जितकी किट आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या पेडलची असतील.

हिरव्या डब्यात असतं काय

टीएस ८०८ आयबानेझच्या नावाने १९७९ च्या सुमारास बाजारात आलं, बनवलं जपानच्या मॅक्सनने. मधोमध ४५५८ हा आठ पायांचा ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप. त्याच्या फीडबॅकच्या वाटेत एकमेकांकडे पाठ केलेले दोन डायोड बसवलेत. सिग्नल ठरावीक उंचीच्या वर गेला की हे डायोड त्याचा माथा गोलसर दाबतात, तोच तो मऊ ओव्हरड्राइव्ह. ड्राइव्हचा पॉट (फिरवायच्या बटणाखालचा बदलता रेझिस्टर) ५०० किलोओहमचा, त्याला जोडून ५१ किलोओहमचा रेझिस्टर, आणि जमिनीकडे (ग्राउंडकडे) ४.७ किलोओहम. यातून गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, साधारण १२ पट ते ११८ पट होतो. सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली हा गेन उतरत जातो, म्हणून खर्ज आवरलेला राहतो आणि सोलो वाजवताना गिटार बँडमधून वर येते.

१९८२ मध्ये टीएस ९ आलं. टीएस ८०८ आणि टीएस ९ यांच्या सर्किटमधला ऐकू येण्याजोगा फरक म्हणजे शेवटचे दोन रेझिस्टर. आधीच्यात १०० ओहम आणि १० किलोओहम, नंतरच्यात ४७० ओहम आणि १०० किलोओहम. दोन्हींची मिळून किंमत चहाच्या कटिंगपेक्षा कमी. जुन्या ८०८ चे भाव बघताना हे लक्षात असू द्या.

मूळ पेडल आणि किट यांत मात्र एक फरक सर्किटचाच आहे, आणि विकणारे तो नेहमी गुण म्हणून सांगतात. मूळ ट्यूब स्क्रीमर बंद असतानाही सिग्नल बफरमधून, म्हणजे त्याला बळ देणाऱ्या छोट्या सर्किटमधून, जातो. किटमध्ये जवळजवळ नेहमी नऊ पायांचा ३पीडीटी फूटस्विच असतो, म्हणजे ट्रू बायपास. बंद केलं की गिटार थेट पुढे. ऐकायला छान वाटतं, पण ओळीने सहा पेडलं ट्रू बायपासची आणि दोन्ही टोकांना लांबलचक केबल असेल तर तार स्वरांची चमक केबलमध्येच मरते. अशा बोर्डवर एखादं बफरवालं तयार पेडल कामाचं ठरतं. घरात दोनच पेडलं असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

तयार पेडल

वॉरंटी मिळते, विकायला काढलं तर पैसे परत येतात, आणि शनिवारी कार्यक्रम असेल तर शुक्रवारी विकत घेता येतं. घरी जोडलेल्या पेडलला यातलं काहीच नाही. वापरलेल्या मालाच्या बाजारात त्याला कोणी फारसं विचारत नाही. उलट बाजू अशी की आजच्या बहुतेक तयार पेडलांत तांदळाच्या कणीएवढे सरफेस माउंट भाग असतात. एखादा रेझिस्टर बदलून आवाज थोडा इकडे-तिकडे करून बघू, ही हौस तिथे सहज भागत नाही.

महागडं घ्यायचंच ठरलं, तर परदेशी नावांच्या आधी मुंबईच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनची पेडलं एकदा ऐका. ट्यूब स्क्रीमरच्या जातीची नाहीत, बरीच रानटी आहेत, पण इथे बनलेली आणि बाहेरही नाव असलेली आहेत.

पूर्ण किट: पैसे नेमके कशाचे

किटच्या यादीत रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, आयसी यांची लांबलचक नावं असतात आणि पैसे त्यांचेच असं वाटतं. तसं नाही. पाव वॅटचा रेझिस्टर रुपयाच्या आसपास येतो. तुम्ही पैसे देता ते दोन गोष्टींचे: नीट आखलेला पीसीबी (भाग ज्यावर सोल्डर होतात तो छापील बोर्ड) आणि बरोबर जागी छिद्रं पाडलेला डबा.

डबा सहसा ओतीव ॲल्युमिनियमचा, १५९०बी नावाच्या मापाचा, साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटर. त्यात फूटस्विचला १२ मिलिमीटरचं छिद्र, जॅकला साडेनऊ, पॉटला सात, एलईडीला पाच. घरच्या ड्रिलने ही छिद्रं पाडता येतात, पण आधी पंचाने खूण, मग तीन मिलिमीटरचं बारीक भोक, मग स्टेप बिट, असं सबुरीने. खूण दीड मिलिमीटर सरकली की तीन पॉटच्या ओळीतला मधला वाकडा बसतो आणि पीसीबी आत जातच नाही. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर हे काम करायचं म्हणजे शेजाऱ्यांशी संबंध पणाला लावणं आहे. शिवाय ॲल्युमिनियमचा कीस चटईत आठवडाभर सापडत राहतो. म्हणून पहिल्या वेळी छिद्रं पाडलेला डबा हवाच. त्याचे जास्तीचे पैसे खुशाल द्या.

किट-किटांतही फरक आहे, आणि निवडताना मी सर्वांत आधी हाच बघतो. काही किटमध्ये पॉट, फूटस्विच, जॅक, सगळं वायरींनी जोडायचं असतं. वायरी पंधरा-वीस होतात, झाकण लावताना त्यातली एक दबते आणि आवाज जातो. दुसऱ्या प्रकारात पॉट थेट पीसीबीवर सोल्डर होतात, फूटस्विचसाठी वेगळी छोटी पट्टी असते, आणि उरतात मोजक्या वायरी. हा दुसरा प्रकार घ्या. फूटस्विचच्या पायांवर आयर्न फार वेळ टेकवलं तर आतलं ग्रीस वितळून खटका कायमचा बिघडतो. छोट्या पट्टीमुळे तो धोकाही कमी होतो.

डबा निवडता येत असेल तर १२५बी घ्या. १५९०बीपेक्षा थोडा मोठा आणि उंच असतो, बोटं आत जातात. लहान डबे देखणे दिसतात, पण पहिल्या वेळी नकोत.

मिळतात कुठून? जर्मनीचं म्युझिकडिंग आणि अमेरिकेचं स्ट्यूमॅक पूर्ण किट विकतात. पेडलपीसीबी आणि एऑन एफएक्स ही अमेरिकी नावं मुख्यतः पीसीबीसाठी ओळखली जातात. थायलंडमधून माल पाठवणारं टायडा सुटे भाग आणि रंगीत डब्यांसाठी प्रसिद्ध. परदेशी व्हिडिओंत ज्या अलीएक्स्प्रेसवरून स्वस्त किट मागवलेली दिसतात त्या ॲपवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, तेव्हा त्या व्हिडिओंतला खर्चाचा हिशेब आपल्याला लावू नका.

लॅमिंग्टन रोड किंवा तापकीर गल्ली

तिसरी वाट सर्वांत स्वस्त दिसते आणि पहिल्या खेपेला सर्वांत महाग पडते. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. रेझिस्टर, कपॅसिटर, ४५५८, १एन४१४८ डायोड, आयसीचे सॉकेट, व्हेरोबोर्ड (तांब्याच्या समांतर पट्ट्यांचा छिद्रांचा बोर्ड), सगळं मिळतं. पण काही दुकानांत एका किमतीचे दहा-दहा रेझिस्टर घ्यावे लागतात, म्हणजे एका पेडलच्या खरेदीत चार पेडलांचा माल घरी येतो. पुढे बनवणार असाल तर उत्तम, नाहीतर ड्रॉवरची भर.

अडचण येते ती गिटारच्या खास भागांत. ३पीडीटी फूटस्विच, धातूचा पाव इंची जॅक, ओतीव डबा हे दर दुकानात नसतात. पॉट घेताना अक्षर बघा: ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर. आवाजाच्या पॉटला चुकून बी दिला तर सगळा आवाज पहिल्या पाव फेरीतच येतो. ट्रान्झिस्टरचं तर फारच जपायला हवं. परदेशी आराखड्यात २एन५०८८ लिहिलेला असतो, दुकानदार ‘तेच काम करेल’ म्हणून बीसी५४९ देतो. काम करतो तो, पण त्याच्या पायांचा क्रम उलटा आहे, तेव्हा फिरवून लावायचा. आणि जे२०१ हा जेफेट (एका जातीचा ट्रान्झिस्टर) जुन्या तीन पायांच्या काळ्या रूपात आता सहज मिळत नाही. त्या रूपात स्वस्तात मिळाला तर तो दुसराच काहीतरी असण्याची शक्यता जास्त.

व्हेरोबोर्डवर ट्यूब स्क्रीमर बसतो, लोक बसवतातही. पण कुठली पट्टी कुठे कापली याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि पेडल वाजलं नाही तर दोष भागात आहे, सोल्डरमध्ये आहे की मांडणीतच, हे नवख्याला कळायला मार्ग नसतो. किटमध्ये मांडणी बरोबर असल्याची खात्री असते, त्यामुळे शोध निम्म्यावर येतो. माझ्या मते किटचा सर्वांत मोठा फायदा हाच, आणि तो किमतीच्या पाटीवर दिसत नाही.

एक मधली वाट आहे, दुसऱ्या पेडलसाठी: फक्त पीसीबी मागवायचा, पाकिटातून येतो, वजन नगण्य. बाकी भाग इथले. पहिल्या किटमध्ये हात बसला की मी तरी हीच वाट धरायला सांगेन.

सर्किट कुठलं

सगळ्यांत सोपं म्हणजे एलपीबी-१ जातीचा बूस्टर, म्हणजे नुसता सिग्नल मोठा करणारं पेडल. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने १९६८ मध्ये आणलेला, आत एकच ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक पॉट. दुपारी बसलात तर संध्याकाळी वाजतो. पण घरच्या छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर तो फक्त आवाज वाढवतो. ज्यांच्याकडे ट्यूब ॲम्प आहे त्यांनाच त्याची मजा.

फझ फेस, म्हणजे आवाज खरखरीत करणारं फझ पेडल, १९६६ चा. पॉट धरून अकरा भाग, म्हणून नवखे त्याच्याकडे ओढले जातात. आतले ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे असतील तर जरूर करा, बीसी १०८ च्या जागी आपले बीसी५४९ चालतात. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरचा पहिल्या खेपेला करू नका. जर्मेनियमची गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. डिसेंबरात नाशकात गोड वाजणारा फझ मे महिन्यात नागपूरच्या मांडवात घसा बसल्यासारखा वाजेल. शिवाय पीएनपी जातीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या फझमध्ये जमीन पॉझिटिव्हला असते, म्हणून इतर पेडलांबरोबर एकाच साखळी ॲडॉप्टरवर तो लावता येत नाही.

बिग मफ या दुसऱ्या फझमध्ये चार ट्रान्झिस्टर आणि चाळीसेक भाग. अवघड नाही, लांबलचक आहे. पीटी२३९९ चिपवरचा डिले (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा) किटमध्ये खूप विकला जातो, तो तिसरं-चौथं पेडल म्हणून ठीक.

पहिल्यासाठी माझं मत ट्यूब स्क्रीमरलाच, कारण तो बिघडला तरी तपासायला सोपा. नऊ व्होल्ट लावून मल्टिमीटरने ४५५८ च्या आठव्या पायावर सुमारे नऊ व्होल्ट, पहिल्या आणि सातव्यावर साडेचार दिसायला हवेत. हे दिसलं तर दोष बहुधा वायरींत किंवा जॅकमध्ये. इनपुटचा जॅक स्टिरिओ असतो, बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या पट्टीला जाते, म्हणजे गिटारची पिन काढली की बॅटरी वाचते. पेडलला वीजच मिळत नसेल तर ही वायर आधी बघा.

आणि घाबरू नका, हे सगळं नऊ व्होल्टवर चालतं, शॉक लागत नाही. पण या उत्साहात ट्यूब ॲम्प उघडू नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात.

हत्यारांत २५ वॅटचं साधं सोल्ड्रॉनचं सोल्डरिंग आयर्न चालतं, बारीक टोक लावून. ६०/४० चं रोझिनवालं सोल्डर, साइड कटर, चुकलेलं काढायला सक्शन पंप. आयसीला सॉकेट लावा, थेट सोल्डर करू नका. ॲडॉप्टर नऊ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह. वायफाय राउटरचे ॲडॉप्टर सहसा उलटे असतात, ते लावू नका.

किट मागवण्याआधी जोडणीची पीडीएफ उघडून बघा. चांगले विक्रेते ती उघडी ठेवतात. तिच्यात पूर्ण सर्किटचा आराखडा, भागांची यादी आणि आतल्या वायरींचा स्वच्छ फोटो असेल तर पैसे भरा. नुसती ‘इथे हा भाग लावा’ अशी चित्रं असतील आणि आराखडाच नसेल, तर पेडल मुकं निघाल्यावर साडेचार व्होल्ट कुठे शोधायचे तेही कळणार नाही.