लाकूड तोडायला मोठा सुरा की छोटी कुऱ्हाड?

मोठ्या सुऱ्याचा फोटो पाहावा तर तो बहुतेक वेळा ओंडक्यात खोल रुतलेला असतो. दिसतं झकास. पण पातं रुतलं याचा अर्थ ढलपी उडाली नाही, आणि आता ते हलवून हलवून बाहेर काढायचं काम वाढलं. सुरा घ्यावा की नाही, याचं निम्मं उत्तर त्या फोटोतच आहे.

मोठा सुरा म्हणजे इथे २० ते ३० सेंटिमीटर पात्याचा, ५-६ मिलिमीटर जाड पाठीचा, अर्ध्या किलोच्या आगेमागे भरणारा. त्याच्यासमोर एका हाताने चालवायची छोटी कुऱ्हाड: दांडा ३० ते ४० सेंटिमीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास. आणि हटकून विसरली जाणारी तिसरी, घडीची करवत. ती जेमतेम पाव किलोची.

लाकूड आडवं तोडायचं असेल तर सुरा आणि कुऱ्हाड यांत कुऱ्हाडच सरस, आणि त्यात फार वाद नाही. तिचं बहुतेक वजन दांड्याच्या टोकाला असतं, त्यामुळे घाव पडतो तेव्हा सगळा भार धारेच्या मागे येतो. सुऱ्याचं वजन मुठीपासून टोकापर्यंत पसरलेलं. ती कसर वेगाने भरून काढावी लागते, म्हणजे मनगट आणि खांदा जास्त राबतात. शिवाय घाव पात्याच्या नेमक्या भागावर पडावा लागतो, साधारण टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात. अगदी टोकाजवळ लागला तर मुठीतून झिणझिण्या येतात, मुठीजवळ लागला तर घावात दमच राहत नाही.

तरीही सुऱ्यानेच तोडायचं असेल तर सरळ खाली घाव घालू नका. एक घाव उजवीकडून तिरका, एक डावीकडून तिरका, दोन्ही साधारण ४५ अंशांत. दुसऱ्या घावाला मधली ढलपी सुटून उडाली पाहिजे. खाचेचं तोंड लाकडाच्या जाडीइतकं रुंद ठेवा. अरुंद ठेवलीत तर तळाशी पोचायच्या आतच पातं दोन्ही बाजूंनी चेपून बसतं. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत हे ठीक चालतं. मांडीएवढं लाकूड सुऱ्याने तोडायला बसणं म्हणजे हौसच.

फोडण्याच्या कामात मात्र सुरा कुऱ्हाडीच्या बरोबरीला येतो, आणि माझ्या मते बारीक जळणासाठी थोडा पुढेच जातो. ओंडका उभा ठेवायचा, धार त्याच्या माथ्यावर टेकवायची आणि पात्याच्या पाठीवर जाड दांडक्याने ठोकायचं. पातं लाकडात बुडालं की बाहेर राहिलेल्या टोकावर ठोकत राहायचं. म्हणूनच पातं ओंडक्याच्या जाडीपेक्षा निदान चार-पाच सेंटिमीटर लांब हवं. सरळ रेषांचं कोरडं लाकूड असेल तर दोन-तीन ठोक्यांत चीर खालपर्यंत धावते. मध्ये गाठ आली की आवाज बद्द होतो आणि पातं जागचं हलत नाही. तिथे हट्ट करू नका, काढून घ्या आणि गाठ टाळून कडेने फोडा. यात धारदार वस्तू हवेतून फिरतच नाही, फिरतं ते दांडकं. नवख्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. करंगळीएवढ्या काटक्या पाडायच्या असतील तर कुऱ्हाडीने नेम धरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

जाड ओंडके फोडायला पुन्हा कुऱ्हाडच. तिचं डोकं पाचरीसारखं असल्याने लाकूड नुसतं कापलं जात नाही, ते दोन्हीकडे ढकललं जातं.

ओल्या फांद्या, वेली, झुडपं हे काम असेल तर सुरा आणि कुऱ्हाड दोन्ही बाजूला ठेवा आणि २-३ मिलिमीटर जाडीचं लांब पातळ पातं घ्या, मॅशेटीसारखं. तेच पातं वाळक्या टणक लाकडावर मारलं की उसळतं किंवा त्याची धार वळते. पुढे वजनदार असलेला कोयता किंवा नेपाळी खुकरी ही सुरा आणि कुऱ्हाड यांच्या मधली. तोडायला त्याच लांबीच्या सरळ सुऱ्यापेक्षा बरी.

करवतीबद्दल थोडक्यात: आडवं कापायला हिच्याइतकं कमी कष्टाचं काही नाही. आवाज कमी, घाव निसटायची भीती नाही. फोडता येत नाही, एवढाच तिचा दोष. ती आणि १०-१२ सेंटिमीटर पात्याची साधी मजबूत सुरी ही जोडी बहुतेकांची गरज भागवते आणि पाठीवर मोठ्या सुऱ्याइतकंच किंवा कमीच ओझं होतं. माझं मत विचाराल तर फक्त लाकडासाठी मोठा सुरा घेऊ नका. एकाच हत्याराने झुडपं छाटायची, खुंट्या तासायच्या आणि थोडं जळणही फोडायचं असेल, तरच तो आपलं वजन वसूल करतो.

घ्यायचाच ठरला तर पोलादाकडे आधी बघा. घाव सोसणाऱ्या लांब पात्याला कडकपणापेक्षा चिवटपणा हवा. १०९५ किंवा कमानपाट्यांना वापरतात ते ५१६० ही नेहमीची पोलादं (हे आकडे म्हणजे पोलादाच्या प्रकारांचे क्रमांक). दोन्ही गंजतात, म्हणून पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. फार कडक पाणी दिलेल्या पात्याचे गाठीवर टवके उडतात. धारेचा कोन दोन्ही बाजू मिळून ४० अंशांच्या जवळपास असू द्या. स्वयंपाकघरातल्या सुरीसारखी बारीक धार इथे टिकत नाही.

पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीने गेलेलं हवं. मुठीत नुसती बारीक सळई गेलेली असेल तर ठोकताना तुटायचा धोका नेमका त्या सांध्यावर. मुठीचं मागचं टोक जरा बाकदार असावं, म्हणजे घामेजल्या हातातून सुरा सटकत नाही. आणि सुरा असो वा कुऱ्हाड, दोन्हींचा दांडा आखूड असल्याने निसटलेला घाव जमिनीऐवजी तुमच्या नडगीकडे येतो. गुडघ्यावर बसून, लाकूड दुसऱ्या ओंडक्यावर टेकवूनच मारा. हात भरून आला की थांबा. घाव निसटतात ते दमलेल्या हातातून.