दोन सॅक, एक व्हिएतनाम आणि एक पावसाळा : दहा महिन्यांनंतर

आम्ही जानेवारीत दोन सॅक घेतल्या. नवऱ्याची ६० लिटरची, माझी ३८ लिटरची. दोन्ही एकाच कंपनीच्या, त्याची साधारण सात हजारांची, माझी साडेचारची. फेब्रुवारीअखेर त्या पाठीला लावून व्हिएतनामला सोळा दिवस फिरून आलो. दोघांचाही पहिला परदेश. त्यानंतर वेंगुर्ल्याचा अख्खा पावसाळा या सॅकनी आमच्याबरोबर काढला. आता दसरा झालाय, हवा जरा कोरडी पडलीय, दोन्ही सॅक पडवीत वाऱ्याला टांगल्यात. त्यांच्याकडे बघत बघतच हे लिहितेय.

निकाल आधीच सांगून टाकते. ३८ ची घ्या. ६० ची घेऊ नका, नवरा कितीही म्हणाला तरी.

आमच्याकडे परदेश म्हणजे एक तर आखातातली नोकरी, नाहीतर बोटीवरची. पाठीला पिशवी लावून उगाच हिंडायला कोणी विमानात बसत नाही. सासूबाईंची एकच काळजी, "थंय भात गावता मां?" तांदूळ विकणाऱ्या जगातल्या पहिल्या तीन देशांत व्हिएतनाम येतो हे सांगून झालं, तरी कुळथाच्या पिठीचा डबा आलाच. "प्वाट बिघाडला तर हातशी असांदे." पाठोपाठ शेंगदाण्याचे लाडू, मालवणी खाजं, आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाची, बाटली. माझ्या सॅकमध्ये यातलं काहीच मावत नव्हतं. नवऱ्याच्या सॅकमध्ये सगळं मावलं. मोठ्या सॅकचा पहिला दोष हाच. घरातल्या कोणालाही "जागा नाही" म्हणता येत नाही.

व्हिसाचं काम त्यापेक्षा सोपं निघालं. त्यांच्या सरकारी साइटवर घरी बसून अर्ज, एकदाच आत शिरायचं असेल तर २५ डॉलर, आणि ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून विमानतळ. दादरच्या जिन्यावरच हा थांबून धापा टाकायला लागला होता. मी काही बोलले नाही.

हनोईला हॉटेलात सॅक उघडली तर आगळ सांडलेलं. बाटलीचं झाकण घट्ट होतं, पण चेक-इनच्या सामानाला कोण कसं आदळतं ते आपल्याला दिसत नाही. तीन टीशर्ट, एक टॉवेल आणि सॅकचा तळ जांभळट लाल. कपड्यांचा डाग दोन धुण्यांत फिका झाला. सॅकच्या अस्तरावरचा आजही तसाच आहे, आणि गरम दिवशी वास घेतला तर सोलकढी आठवते. ही काही कंपनीची चूक नाही, पण अस्तर इतक्या फिक्या रंगाचं का देतात ते मला कळलेलं नाही. काळं देत असतील तर आत पडलेली वस्तू दिसत नाही, हे खरंय म्हणा.

दुसरी गोष्ट आमच्या अज्ञानाची. व्हिएतनाम म्हणजे गरम, असं धरून आम्ही सगळे सुती कपडे घेतलेले. फेब्रुवारीत हनोईला बारीक भुरभूर पाऊस आणि पंधरा-सोळा अंश! दक्षिणेला सायगावात त्याच आठवड्यात घामाच्या धारा. देश इतका उभा लांब आहे की एकाच सहलीत दोन ऋतू बांधून न्यावे लागतात. जुन्या हनोईत दोन जाकिटं घेतली. गेली कुठे? ६० लिटरच्या सॅकमध्ये. त्यात माझंही जाकीट होतं, हे प्रामाणिकपणे सांगते.

तिथली जुनी घरं तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब, वर चार-पाच मजले. आमची खोली चौथ्यावर, लिफ्ट नाही. जिन्याच्या वळणावर हा सॅकसकट अडकला. वरून उतरणारी एक साठीची कोरियन बाई थांबली, हसली, आणि मागे सरायच्या ऐवजी थेट त्याच्या कमरेच्या पट्ट्याला हात घातला. पट्टा पोटावर होता. तिने तो खाली कमरेच्या हाडांवर ओढून आवळला, मग खांद्याचे पट्टे सैल केले, मग खांद्यावरचे ते छोटे पट्टे खेचले जे आम्ही नुसती शोभा समजत होतो. भाषा एकमेकांची शून्य. ओझं खांद्यावरून कमरेवर उतरलं तसा त्याचा चेहराच बदलला. चार दिवस आम्ही सॅक दप्तरासारखी लावत होतो. दुकानदाराने हे दाखवायला हवं होतं. तुम्ही घ्याल तेव्हा लिटर विचारण्याआधी पाठ मोजून घ्या. मान खाली घातल्यावर जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत. माझी सोळा इंच भरली, म्हणून मला छोट्या मापाची मिळाली आणि ती पहिल्या दिवसापासून बसली. उंचीवरून माप ठरत नाही.

हनोई ते ह्युए रात्रीची रेल्वे. माझी सॅक बर्थखाली सरकली. त्याची नाही, म्हणून हा रात्रभर पाय दुमडून झोपला, पायाशी सॅक. पुढे ह्युए ते दानांग या टप्प्यात हाय व्हानच्या डोंगरातून गाडी जाते तेव्हा डाव्या खिडकीत खाली समुद्र, अगदी रुळांच्या पायथ्याशी. आपली कोकण रेल्वे समुद्र दाखवतच नाही. खाड्या दाखवते, बोगदे दाखवते, आणि मुंबईचा पाहुणा मडगावपर्यंत विचारत राहतो, "बीच कधी येणार?" तिथे आम्हीच ते पाहुणे झालो होतो.

ह्युएला याचं पोट बिघडलं. हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात मी लसूण ठेचून फोडणी केली, पिठी कालवली. मालकीणबाई वास घेत आल्या, चमच्याने चाखलं, थोडा विचार केला आणि मला न विचारता त्यात नुओक मामचे चार थेंब टाकले. नुओक माम म्हणजे आपल्या मांदेलीच्या भावकीतले बारके मासे मिठात महिनोन्महिने मुरवून निथळलेलं पाणी. मी हादरले. हा दोन वाट्या भात खाऊन झोपला आणि सकाळी ठणठणीत. चव, खरं सांगायचं तर, चांगलीच लागत होती. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

होई आनमध्ये मोठ्या सॅकच्या उजव्या खांद्याचा पट्टा मुळाशी उसवला. दहावा दिवस! वजन तेव्हा साडेचौदा किलो होतं, म्हणजे ६० लिटरच्या सॅकला अजिबात जास्त नाही. तिथे शिंपी गल्लोगल्ली. पण सगळे चोवीस तासांत सूट शिवून देणारे, सॅकला हात लावेनात. शेवटी बाजाराच्या मागच्या बाजूला एक बाई पायमशीनवर ताडपत्री शिवत बसलेली दिसली. तिने पट्टा उलटापालटा केला, कंपनीची शिवण नखाने ओढून बघितली आणि तोंडाने "च्" केलं. मशीनला लाल दोरा होता, तोच ठेवला. एक चौकोन, त्यात फुली, परत त्यावरून एकदा. जाड भागावर मशीन अडलं तेव्हा चाक हाताने फिरवून एकेक टाका घातला. दहा मिनिटं. बोटांनी दाखवलं, वीस हजार. रुपयाला साधारण ३०० डाँग धरले तर सत्तरच्या आत. याने निळी नोट काढून दिली. बाईने ती परत याच्या हातात ठेवली, याच्या पाकिटात वाकून बघितलं आणि दुसरी निळी नोट स्वतः उचलून घेतली. पहिली पाच लाखांची होती. दोन्ही निळ्या, दोन्हींवर हो चि मिन्ह. वीस हजारांच्या नोटेमागे होई आनचाच जपानी पूल छापलेला आहे, आणि तो पूल तिथून चालत पाच मिनिटांवर. त्या दिवसापासून आम्ही नोट उलटी करून पूल बघितल्याशिवाय देत नव्हतो.

'मी सोन' नावाच्या जुन्या देवळांच्या ठिकाणी गेलो त्या दिवशी मोठी सॅक हॉस्टेलवर, माझी रिकामी करून दोघांत एक. डोंगराने वेढलेल्या दरीत तिथल्या जुन्या चाम राजांची विटांची शिवमंदिरं, बरीचशी १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात कोसळलेली. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजी करत होती तेव्हा, २०२० साली, नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग मातीतून निघालं. विटांवर शेवाळ अगदी आपल्या जांभ्याच्या गडग्यावर असतं तसं. याने चप्पल काढली. पहारेकरी बघत राहिला.

काजूचं मात्र लिहायलाच हवं. मी काजूच्या कारखान्यात हिशेब बघते. सालपट काढताना गर मोडला की तुकडा झाला आणि भाव पडला, आमचा सगळा जीव त्यात. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर, ही भाषा दिवसभर कानावर. आणि दानांगच्या बाजारात भाजलेले खारे काजू चक्क सालीसकट बरण्यांत भरून विकायला! लोक खाताना चिमटीने साल उडवतात, शेंगदाण्यासारखी. सोललेला काजूगर परदेशी विकण्यात जगात हाच देश पहिला, आणि घरात खाताना सोलायचे कष्टच घेत नाहीत. मी दोन किलो घेतले, कारखान्यातल्या बायकांना दाखवायला. माझ्या सॅकमध्ये मावले नाहीत. कुठे गेले ते तुम्हाला कळलंच असेल.

दानांग ते सायगाव विमानाचं तिकीट स्वस्तात स्वस्त काढलेलं, सामान फक्त हातातलं, ७ किलो. माझी सॅक काट्यावर ६.८. याची बघून काउंटरवरच्या मुलीने वजन करायचीही तसदी आधी घेतली नाही, नुसती मान हलवली. काउंटरवर सामानाचे पैसे भरले ते जवळजवळ तिकिटाइतके. त्यात दोन किलो काजू माझे, एक जाकीट माझं. मी तेव्हाही काही बोलले नाही, पण कारण वेगळं होतं.

इथवर लिहून थांबले असते तर सॅकला पाचपैकी चार दिले असते. पण मग जून आला.

आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. माझी सॅक रोज स्कूटरवर कारखान्यात. बरोबर मिळालेलं पावसाचं कव्हर व्हिएतनामच्या भुरभुरीत उत्तम होतं. आपल्या पावसात कव्हर फक्त बाहेरच्या बाजूला, पाठीकडून पाणी मानेवरून ओघळत थेट पट्ट्यांच्या शिवणीतून आत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिशेबाची वही भिजली. उपाय फुकटचा आहे. खताच्या गोणीच्या आतली प्लास्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन सॅकच्या आत घाला, तोंड पिळून दुमडा, सामान तिच्यात. कव्हर घरी ठेवलं तरी चालेल.

चेनची दांडी ऑगस्टमध्ये पांढरट-हिरवी पडली आणि अडकायला लागली. समुद्रावरून येणारी खारी हवा, दुसरं काय. याने खोबरेल लावलं. दोन दिवस मऊ, तिसऱ्या दिवशी सगळी धूळ चेनमध्ये. मग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मेणबत्ती घासली, ती आजतागायत ठीक आहे.

मोठी सॅक व्हिएतनामहून आल्यावर धुतली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकली. जपून ठेवली असं आम्हाला वाटत होतं. ऑगस्टच्या मध्याला उघडली तर आतलं कोटिंग चिकट झालेलं, हाताला पांढरे पापुद्रे. नायलॉनला आतून जो पॉलियुरेथेनचा थर देतात तो दमट उष्णतेत हळूहळू विरघळल्यासारखा सुटत जातो, आणि पिशवीत कोंडलं की लवकर. वापरातली माझी सॅक शाबूत, न वापरलेली त्याची गेली. कोकणात सॅक ठेवायची तर उघडी, टांगून, वारा लागेल अशी.

त्याच वेळी डावा पट्टाही उसवलेला दिसला. हा कंपनीचा टाका. कंपनीला फोन केला तर म्हणाले, उत्पादनातला दोष असेल तर वॉरंटी आहे, पण दोष आहे की नाही ते सॅक बघून ठरवू, आणि ती आपल्या खर्चाने कुरिअर करा. आणि उजव्या पट्ट्यावर बाहेरची शिलाई दिसतेय, त्यामुळे कठीण आहे. म्हणजे ज्या टाक्याने सॅक वाचली त्याच टाक्याने वॉरंटी गेली. बाजारातल्या चांभारदादांकडे नेली. त्यांनी लाल दोऱ्याचा चौकोन अंगठ्याने दाबून बघितला, "हा कोणी घातलो?" विचारलं, आणि डाव्या बाजूला तसाच्या तसा घातला. काळ्या दोऱ्याने. चाळीस रुपये.

तरी ती परत पाठीवर काही गेली नाही. पुढच्या वर्षी लाओसचं डोक्यात आहे, त्यासाठी यानेही ३८ ची बघून ठेवलीय, पाठ मोजून. मोठी सासूबाईंनी मागून घेतली. गणपती गेल्यावर आराशीचे पडदे, दिव्यांच्या माळा, गणपतीवर बांधायच्या माटवीच्या दोऱ्या, समईचा डबा, सगळं एकात एक घालून बसवलं, दोन्ही पट्टे धरून उचलून बघितलं.

"आता खरी कामाक इली," म्हणाल्या.